पूजेत बसलेली चाकं

डाग कुठलाही असो, कशावरचाही असो, सावळीराम निमसेसमोर तो टिकत नाही! हे मत मुळात सावळीरामचंच होतं. पण ते त्यानं इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी सांगितलं होतं की, नाशिकच्या सिडकोतल्या त्याच्या गल्लीत ते सर्वमान्य होऊन बसलं होतं. सातपूरला नळाच्या तोट्या बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे तो पॉलिश खात्याचा फोरमन. एकवीस वर्षं तोट्या चमकवून त्याची नजरच अशी झाली होती की, कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरा-नवरीच्या आधी तो आहेराच्या भांड्यांकडे बघायचा. "घासकाम कच्चं आहे," असं पुटपुटायचा आणि मग अक्षता टाकायचा.

या हाताचं कौतुक न करणारी व्यक्ती अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होती. त्याच्या सासूबाई, झुंबरबाई!

आणि त्याला कारणही तसंच होतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला सावळीराम सासुरवाडीला गेला, तेव्हा देवघरातले चांदीचे टाक त्याला काळे पडलेले दिसले. खंडोबा, भैरोबा आणि दोन देव्या. "असे कसे हो काळेकुट्ट देव ठेवता?" असं म्हणत नव्या जावयानं हौसेनं ते पिशवीत घातले, सातपूरला नेले आणि मशीनवर धरले. परत आणले तेव्हा टाक असे झळकत होते की, देवघरात वेगळा दिवा लावायची गरज नव्हती. फक्त देवांना नाक-डोळे उरले नव्हते! एका टाकावर घोड्याचं शेपूट जरासं शिल्लक होतं, म्हणून तो खंडोबा ठरला.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. झुंबरबाईंनी जावयाला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. ताटाभोवती रांगोळी, जेवायला पुरणपोळी, निघताना टॉवेल-टोपी, सगळं यथासांग. पण सावळीराम येणार म्हटलं की त्यांचा पितळी पानाचा डबा ट्रंकेत जायचा आणि ट्रंकेला कुलूप लागायचं. थोरल्या जावयाचा उल्लेख "आमचा राजू" असा व्हायचा आणि धाकट्याचा "मोहिनीचे मालक." आता मोहिनी ही सावळीरामची बायको असल्यामुळे यात चूक काहीच नव्हतं. पण सावळीरामला ते लागायचं. म्हातारीनं एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताला बरं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. पगारवाढीपेक्षाही मोठी!

ती संधी कुंभमेळ्याच्या वर्षी आली. मेळा संपला होता, नवरात्र सुरू होतं, आणि अष्टमीच्या दुपारी थोरले साडू राजूशेठ सासूबाईंना गाडीतून सिडकोत सोडायला आले. राजूशेठ लासलगावचे कांद्याचे व्यापारी. माणूस मोकळा, आवाज लिलावाचा. त्यांची पांढरी गाडी अजून नवी दिसत होती आणि चाकं होती ती साधी लोखंडी नव्हेत, तर चकचकीत ॲलॉयची. म्हणजे चकचकीत असायला हवी होती. प्रत्यक्षात ती करपलेल्या तव्यासारखी काळी होती.

"साडूभाऊ," राजूशेठ म्हणाले, "आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन टळलं. त्यांचा नवस हाय, नवमीला कालिकेची ओटी भरायची. मला उद्या वजनकाट्याची पूजा असती, थांबता येत नाय. गाडी ठेवून जातो. उद्या संध्याकाळी आईंना गाडीतून देवळात न्या. रिक्षात त्यांचा गुडघा मावत नाय."

"नेतो की!" सावळीराम म्हणाला. पण त्याचे डोळे चाकांवर खिळले होते. "राजूभाऊ, चाकांना हे काय?"

"काय नाय, मळ हाय. सर्व्हिसवाल्यानं हात टेकले. म्हणला, शेठ, आता हे असंच राहणार."

'असंच राहणार' हे शब्द सावळीरामच्या कानात शिरले आणि थेट रक्तात गेले! तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. नखानं खरवडलं. वास घेतला. मग डॉक्टर उठतो तसा उठला.

"हा मळ नाही. तुम्ही ब्रेक दाबता, आत घासतं, लोखंडाची पूड उडते. चाक असतं तापलेलं. त्यावर ती भाजली जाते. म्हणून तर पुढची चाकं जास्त काळी! राजूभाऊ, दसऱ्याला तुम्ही गाडी न्यायला याल ना, तेव्हा या चाकात बघून भांग पाडाल!"

राजूशेठच्या डोक्यावर भांग पाडण्याइतकं काही उरलं नव्हतं. तरी त्यांना ते ऐकून बरं वाटलं. पण जाता जाता ते म्हणालेच, "तुम्ही काय करू नका बरं का. आईंना फक्त नेऊन आणा."

आणि आतून झुंबरबाईंचा आवाज आला, "मोहिने, माझा पानाचा डबा कपाटात ठेव गं!"

झालं! आता तर चाकं चमकणं भागच होतं.

राजूशेठ एसटीनं गेले आणि सावळीरामनं बाह्या सरसावल्या. आधी साबणाचं पाणी. चाकं ओली झाली, काळी ती काळीच. मग रॉकेल. मग मोहिनीच्या स्वयंपाकघरातली चिंच आणि मीठ. मग रांगोळी. एव्हाना गल्ली जमली होती. शेजारच्या लताबाईंनी दात घासायची पेस्ट सुचवली, ती स्वतःच घेऊन आल्या आणि एका चाकाला स्वतःच्या हातानं लावून गेल्या. तासाभरानं सावळीराम कोपरापर्यंत काळा झाला होता, चाकाला चिंचेचा आणि पुदिन्याचा वास येत होता, आणि डाग जागच्या जागी होता.

"राहू द्या ना आता," मोहिनी म्हणाली. "उद्या आईला देवळात न्यायचंय, चाकं दाखवायला नाही."

"तुला कळायचं नाही," सावळीराम म्हणाला. कारण त्याला सातपूर आठवलं होतं!

उद्या खंडेनवमी. कारखान्यात काम बंद, यंत्रांची पूजा अकराला. म्हणजे सात ते दहा पॉलिशचं मशीन रिकामं. तीन तासांत चार चाकं! बाराला घरी, चाकं जागेवर, संध्याकाळी सासूबाई गाडीत. योजनेत कुठे फट म्हणून नव्हती. कुणाला सांगायचं मात्र नाही, एकदम समोर उभं करून सगळ्यांचे डोळे दिपवायचे.

नवमीला घरातले उठायच्या आत त्यानं गाडी जॅकवर चढवली, खाली विटांचे चार चौथरे रचले आणि चारही चाकं काढली. सोळा नट डब्यात घातले. तेही चमकवायचे होते ना! चाकाचा पाना पिशवीत टाकला आणि सगळं घेऊन तीनचाकी टेम्पोत बसून तो सातपूरला निघाला. टेम्पोवाला मागे बघून म्हणाला, "काका, माझ्यापेक्षा एक चाक जास्तच आहे की तुमच्याकडे!"

कारखान्यात मंगळू आधीच आला होता. हा पेठ तालुक्याकडचा, सावळीरामच्या हाताखाली दहा वर्षं काम केलेला. बोलायला कमी, कामाला वाघ. आणि देवाच्या बाबतीत अत्यंत कडक. खंडेनवमीची पूजा मांडायचा मान कारखान्यात त्याचाच असे.

दोघे कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर सावळीराम थापा मारत असला तरी कारागीर पक्का होता! चाकं रात्रभर निवलेली होती हे बरंच, कारण गरम धातूवर औषध टाकलं तर ते जागीच वाळतं आणि नवा डाग पडतो. गंज काढायच्या औषधात भरपूर पाणी घातलं. दाताच्या ब्रशनं एकेका फटीत ते सोडलं. काळा थर सुटून जांभळट पाण्यासारखा ओघळू लागला, तसा सावळीराम नाचायचाच बाकी राहिला. "सुटला! मंगळू, सुटला बघ!" मग स्वच्छ पाणी, मग मऊ कपड्याचं फिरतं चाक, त्याला पॉलिशची वडी. टाकांची आठवण ठेवून हात या वेळी हलका होता. बरोब्बर दहाला चार चाकं आणि सोळा नट असे लखलखत होते की, मंगळूनं टोपी काढली.

"फोरमनसाहेब, हे तं देवाचं चांदीचं ताट झालं!"

"मग!" सावळीरामची छाती फुगली. "आता यांना स्वच्छ जागी नीट ठेव. कुणाचा हात लागू देऊ नको!"

तेवढ्यात कारखान्याचे तरुण मालक अमितशेठ धावत आले. "सावळीरामभाऊ, झेंडूच्या माळा कमी पडल्यात! जरा सातपूरच्या बाजारातून आणता का?"

मालकानं सणाच्या दिवशी फुलं आणायला सांगितलं तर नाही कसं म्हणायचं? सावळीराम गेला. आता खंडेनवमीला सातपूरच्या बाजारात झेंडू आणायला जाणं म्हणजे काय, हे तिथला माणूसच जाणे. वसाहतीतला प्रत्येक कारखाना त्या दिवशी झेंडूसाठी रस्त्यावर आलेला असतो. सव्वा तासानं सावळीराम गळ्यात आठ माळा घालून परत आला, तेव्हा कारखान्यातून आरतीचा शेवट ऐकू येत होता.

आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला.

पॉलिशच्या मशीनसमोर चौरंग होता. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना त्याची चार चाकं! प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक. मध्ये पाना, त्यावर हळद. सोळा नट ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर एकेक अक्षता आणि एकेक पाकळी. उदबत्तीचा धूर चाकांच्या जाळीतून डौलात वर जात होता. सगळे कामगार हात जोडून उभे होते.

"मंगळू!" सावळीराम ओरडला. "ही चाकं इथे कशी?"

"तुम्हीच म्हणले ना, स्वच्छ जागी ठेव? आज कारखान्यात याच्याइतकी स्वच्छ जागा कुठं हाय?"

"कुणाचा हात लागू देऊ नको म्हणालो होतो!"

"कुणाचाच नाय लागला," मंगळू शांतपणे म्हणाला. "पूजा मीच केली."

"बरं, केलीस. आता काढून दे. सासूबाईंना देवळात न्यायचंय."

मंगळूनं सावळीरामकडे असं पाहिलं की, जणू त्यानं देव्हाऱ्यात चपला घातल्या होत्या.

कारण तिथला रिवाज तुम्हाला सांगायला हवा. नवमीला जे अवजार पूजेत बसलं, ते दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. पाना नाही, हातोडा नाही, साधा स्क्रू नाही. यंत्रालासुद्धा वर्षातून एक दिवस विश्रांती, असं अमितशेठच्या वडिलांनी घालून दिलं होतं. एका वर्षी एकानं सायकल ठोकायला पूजेतला हातोडा उचलला होता. त्याचा अंगठा पुढच्या दसऱ्यापर्यंत निळा राहिला, असं सगळे सांगत. आणि ही गोष्ट नव्या पोरांना डोळे मोठे करून सांगणारा माणूस दुसरा तिसरा कुणी नसून खुद्द फोरमन सावळीराम निमसे होता!

"अमितशेठ, तुम्ही तरी सांगा," तो काकुळतीला आला.

"भाऊ, मला यातलं काही कळत नाही," अमितशेठ हळूच म्हणाले. "पण मंगळू रागावला तर उद्यापासून तोट्या कोण करणार?"

इकडे सिडकोत वेगळंच रामायण घडत होतं. सकाळी लताबाई सडा घालायला बाहेर आल्या आणि त्यांना विटांवर उभी असलेली गाडी दिसली. त्यांच्या हातातली बादली पडली. "अगं बाई! चाकं गेली! मोहिनी, चोरांनी चाकं नेली गं!" दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, कुंभमेळ्यातले चोर अजून गेलेलेच नाहीत. एकानं तर पहाटे टेम्पोत एक काळाकुट्ट इसम चाकं भरताना पाहिला होता. "इतका काळा! कोपरापर्यंत!" मोहिनी कावरीबावरी झाली. नवरा घरात नाही, कारखान्याचा फोन कुणी उचलत नाही, कारण तिथे आधी मशीनचा घरघराट आणि मग आरती. शेवटी तिनं लासलगावला फोन लावला.

सावळीराम एक वाजता झेंडूच्या उरलेल्या दोन माळा घेऊन घरी आला, तेव्हा गल्लीनं त्याला दारातच गाठलं.

"निमसे, धीर धरा! तुमच्या साडूंच्या गाडीची चाकं चोरीला गेली!"

"चोरीला नाही गेली," सावळीराम खालमानेनं म्हणाला. "पूजेत बसलीत."

त्यानं मोहिनीला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. आतल्या खोलीत झुंबरबाई हिरवं लुगडं नेसून, खण-नारळ मांडीवर घेऊन, गुडघा लांब करून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. फक्त पानाचा डबा जवळ ओढून पदराखाली घेतला. ते पाहून सावळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांची खाई बुजवायला निघालेला माणूस, आणखी एक खड्डा खणून बसला होता!

अडीच वाजता गल्लीत कांद्याचा ट्रक शिरला. स्टिअरिंगवर राजूशेठ, त्यांच्यासोबत बाजारातले दोन दांडगे हमाल. "कुठंय चोर?" राजूशेठनी उडी मारली. "लय माजलेत! दाखवा फक्त!"

"राजूभाऊ," सावळीराम म्हणाला, "चोर मीच."

पुढची पाच मिनिटं राजूशेठ जे बोलले, ते लिलावाच्या आवाजात बोलले आणि इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्यांनी सावळीरामला उचलून ट्रकमध्ये बसवलं. "चला सातपूरला. चार चाकं न्यायची हायेत, हिमालय नाय न्यायचा! माझी दोन माणसं क्विंटलाचं पोतं उचलतात."

कारखान्यात मंगळू पूजेची राखण करत समोरच पथारी टाकून बसला होता. राजूशेठ चौरंगासमोर गेले आणि त्यांचा आवाज अचानक खाली आला. आपली चाकं त्यांनी अशी कधी पाहिलीच नव्हती.

"ही... माझी?"

"तुमचीच," सावळीराम म्हणाला.

राजूशेठनी स्वतःला सावरलं आणि हमालांना खूण केली. "उचला रे!"

हमाल पुढे झाले. कुंकू पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. चपला काढल्या आणि हात जोडून मागे सरकले. "शेठ, पूजेतलं नाय उचलणार आम्ही."

"अरे, माझीच चाकं हायेत ना?"

तेव्हा मंगळूनं तोंड उघडलं. "शेठ, तुमी कांद्याचे व्यापारी. मंग तुमचा काटा आज कुठं हाय?"

"पूजेत," राजूशेठच्या तोंडून निघून गेलं.

"आता जाऊन त्याच्यावर पोतं तोलता का?"

राजूशेठ गप्प झाले. लासलगावात राजूशेठना गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, तो पेठकडे जन्मला होता! थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच चपला काढल्या, आपल्याच चाकांना नमस्कार केला आणि मंगळूनं दिलेला पेढा खाल्ला.

परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. झुंबरबाई ओटीचं ताट घेऊन अंगणात उभ्या होत्या. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या थेट धाकट्या जावयाशी बोलल्या.

"जावईबापू, दिस मावळायच्या आत माझा नवस फिटला पायजे. कसा, ते तुमचं तुम्ही बघा."

सावळीरामनं इकडे पाहिलं, गाडी विटांवर. तिकडे पाहिलं, ट्रक. आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आई, ट्रकात बसाल?"

"अहो!" मोहिनी किंचाळली.

पण झुंबरबाई ट्रककडे बघत होत्या. "तिथं पाय लांब करता येईल का?"

दोघा हमालांनी म्हातारीला खुर्चीसकट अलगद उचललं आणि केबिनमध्ये ठेवलं, कांद्याचं पोतंसुद्धा त्यांनी इतकं जपून उचललं नसेल! ट्रक निघाला. झुंबरबाई आयुष्यात पहिल्यांदा इतक्या उंच बसल्या होत्या. खाली माणसं, स्कूटरी, रिक्षा, सगळं त्यांच्या पायाखालून चाललं होतं. त्या लहान पोरीसारख्या खिडकीला चिकटल्या. "राजू, भोंगा वाजव की! अजून एकदा!"

मुंबई नाक्याला पोलिसांनी ट्रक अडवला. कालिकेच्या यात्रेमुळे पुढे वाहनं बंद. गाडी आणली असती तरी इथेच अडली असती आणि तिथून म्हातारीला दुखऱ्या गुडघ्यानं गर्दीतून चालावं लागलं असतं. पण गाडीबरोबर हमाल नसते ना आले! दोघांनी खुर्ची पुन्हा खांद्यावर घेतली. पुढे राजूशेठ लिलावाच्या आवाजात, "सरका! सरका! नवसाची म्हातारी हाय!" मागे ताट घेऊन मोहिनी आणि सगळ्यात मागे सासूबाईंच्या चपला हातात घेतलेला सावळीराम. लोकांना वाटलं पालखीच आली. कुणी कुणी खुर्चीला हातसुद्धा लावला. गर्दीच्या डोक्यांवरून झुंबरबाईंना दुरूनच देवी दिसली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ओटी भरली, नवस फिटला. परतताना त्या म्हणाल्या, "असं दर्शन कुणाला होत नाय. आमचा राजू होता म्हणून!"

सावळीराम चपला घेऊन मागून चालत होता. त्यानं ते ऐकलं आणि गिळलं.

दसऱ्याच्या सकाळी मंगळूनं उत्तरपूजा केली, चौरंग हलवला आणि स्वतःच्या हातानं चाकं टेम्पोत ठेवली. नऊ वाजता गाडी पुन्हा चार पायांवर उभी राहिली. कोवळं ऊन चाकांवर पडलं आणि लताबाईंनी डोळ्यांवर हात धरला. राजूशेठ वाकून वाकून बघत होते आणि टकलावरून हात फिरवत होते. झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. सावळीरामनं सासूबाईंच्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि वाट पाहत उभा राहिला.

झुंबरबाईंनी आपट्याची पानं पदराला बांधली. हळूहळू गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या चाकासमोर थांबल्या. चाकात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता, नाक, डोळे, कपाळावरचं गोंदण, सगळं जागच्या जागी. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग वळल्या आणि घरात निघून गेल्या.

संपलं, सावळीरामला वाटलं. पानाचा डबा लपवायला गेल्या.

पण त्या बाहेर आल्या, त्यांच्या हातात काजळाची डबी होती. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं घट्ट काजळ. गुडघा सावरत त्या वाकल्या आणि पहिल्या चाकाला बोटानं ठसठशीत काळी तीट लावली. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला.

"अहो आई, काय करताय?" राजूशेठ कळवळले. "परवापासून एवढा आटापिटा करून काळं काढलंय आणि तुम्ही परत काळं लावता?"

"गप रे राजू," झुंबरबाई चौथं चाक उरकत म्हणाल्या. "दिष्ट लागंल."

मोहिनीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "आईनं ताईच्या बंगल्याला तीट लावली नव्हती. राजूभाऊजींची गाडी नवी आली तेव्हा तिलाही नव्हती. ती फक्त जीव जडला तरच लावते," ती कुजबुजली. सावळीरामला काही दिसेनासं झालं. म्हातारीनं डबी मिटली, जावयाजवळ आली आणि पितळी पानाचा डबा त्याच्या हातात ठेवला.

"लय काळा पडलाय. पण जरा बेतानं, जावईबापू. वर मोर हाय, त्याला डोळे राहू द्या."

आठवड्यानं लासलगावहून फोन आला. राजूशेठ फोनवरसुद्धा लिलावातच असल्यासारखे बोलायचे, त्यामुळे मोहिनीला पलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"साडूभाऊ! चाकं झकास, गावात सगळे विचारतात. पण आईंची ती तीट! ब्रेकच्या गरमीनं पार भाजून बसलीय. साबण झाला, पाणी झालं, हटत नाय! तुम्ही एवढे कारागीर, सांगा ना, कशानं निघंल?"

सावळीरामनं टेबलावरच्या पानाच्या डब्याकडे पाहिलं. मोराचे दोन्ही डोळे शाबूत होते.

"राजूभाऊ," तो गंभीरपणे म्हणाला, "एकवीस वर्षं डाग काढतोय. पण हा डाग आपल्याच्यानं निघायचा नाही!"

त्यानं फोन ठेवला. मोहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "खरंच निघत नाही?"

"निघतो की," सावळीराम म्हणाला. "रॉकेलच्या बोळ्यानं. अर्ध्या मिनिटात."